आईची सकाळ, ह्याची मध्यरात्र: एका बिघडलेल्या रुटीनची केस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला मावसभावाचा मेसेज आला, "ताई जागी आहेस का, एक विचारायचं होतं". घड्याळात पावणेतीन वाजले होते. मी जागी होते कारण पोरगी तापाने फणफणली होती, पण हा का जागा आहे हे विचारायचं मला सुचलंच नाही, कारण तेवढ्यात पुढचा मेसेज आला, "माणूस साडेतीन महिन्यांत आळशी होऊ शकतो का? म्हणजे कायमचा?"

पुढचे चार-पाच महिने आम्ही दोघांनी मिळून जे काही केलं, चुकलं, परत केलं, ते इथे लिहितेय. त्याला विचारूनच लिहितेय, फक्त नाव, शहर आणि युनिव्हर्सिटी नको म्हणाला म्हणून इथे तो नुसता धाकटा. मी काही कौन्सेलर वगैरे नाही, मध्य युरोपातच नऊ वर्षं राहतेय आणि सवयींवरचं रिसर्च वाचायचा नाद आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन.

आता धाकटा कसा होता ते आधी सांगते, नाहीतर केस कळणार नाही. हा आमच्या सगळ्या नात्यात "शिस्तीचं पोर" म्हणून फेमस. रोज सकाळी सहाला उठणार, दोन तास अभ्यास, मग कॉलेज, संध्याकाळी जिम, इंजिनिअरिंगला कायम पहिल्या पाचात. आमच्या लहानपणापासून बाकीच्या पोरांना ह्याचं उदाहरण देऊन देऊन बोलणी बसायची. सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्ससाठी इकडे आला. आणि जानेवारीत परिस्थिती अशी होती की झोप रात्री तीनला, उठायचं अकरा-साडेअकराला, सव्वानऊच्या लेक्चरला हजर राहिल्याचे दिवस बोटावर मोजण्याइतके, दोन असाइनमेंट बुडालेल्या, आणि फेब्रुवारीत परीक्षा. फोनमध्ये सवयींचं एक अ‍ॅप होतं, त्यात अकरा सवयी टाकलेल्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर एकाही चौकोनात टिक नाही.

त्याचं स्वतःचं निदान एका ओळीचं होतं. विलपॉवर संपली. परदेशात आल्यावर मोकळीक मिळाली, ती पचली नाही, आणि मूळचा आळशीपणा बाहेर आला. हे तो इतक्या खात्रीने सांगत होता की मीही पहिल्या दिवशी मान डोलावली, आणि वर एक मोठी चूक केली. त्याला सुंदर रंगीबेरंगी एक्सेल शीट करून पाठवली, सकाळी सहा ते रात्री दहा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. त्याने "थँक्स ताई, उद्यापासून" असं लिहिलं. ती शीट त्याने आजपर्यंत एकदाही उघडलेली नाही, हे त्याने मला एप्रिलमध्ये सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी, फक्त घडा मीच पालथा ठेवला होता.

मग मी त्याला दुसरं काम दिलं. काही सुधारायचं नाही, फक्त चार दिवस लिहून काढ की किती वाजता काय केलंस आणि त्याच्या अगदी आधी काय झालं होतं. हा "आधी काय झालं" वाला रकाना महत्त्वाचा. सवय म्हणजे काय, तर एखादी खूण दिसली की विचार न करता हातून होणारी गोष्ट. वेंडी वुड ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये लोकांना दर तासाला डायरी लिहायला लावून पाहिलं होतं, त्यात लोकांच्या रोजच्या कृतींपैकी जवळपास ४३ टक्के कृती साधारण रोज, त्याच जागी, डोक्यात दुसराच काही विचार चालू असताना होत होत्या. म्हणजे आपण ज्याला माझी शिस्त म्हणतो त्यातला बराच भाग त्या जागेतल्या खुणांवर चालतो.

चार दिवसांचं लिखाण आलं, आणि चारही दिवस झोपेच्या ओळीच्या आधी एकच ओळ होती. "आईचा फोन ठेवला."

इथे हिशेब समजून घ्या. हिवाळ्यात मध्य युरोप भारताच्या साडेचार तास मागे असतो. मावशी सहाला उठते, साडेसहाला जरा हात मोकळा झाला की मुलाला फोन लावते, तेव्हा इकडे रात्रीचे दोन. अर्धा तास बोलणं, मग तिची ऑफिसची घाई सुरू, ती फोन ठेवते, हा झोपतो. ऑक्टोबरात एकदा असंच पोर जागं सापडलं म्हणून बोलणं झालं, दोघांना बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी परत, आणि पंधरा दिवसांत ते ठरूनच गेलं. ती रोज म्हणायची "झोप आता", हा रोज म्हणायचा "हो, एवढं एक संपवतो". तिला वाटत होतं पोरगं रात्रभर अभ्यास करतंय. हा खरं तर बारापासून तिच्या फोनची वाट बघत व्हिडिओ बघायचा, कारण दिवसभरात मनापासून कोणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

आणि ह्यातली खरी गंमत (गंमत म्हणजे रडू येईल अशी) पुढे आहे. घरी असताना ह्याला सहाला उठवायचं कोण? मावशीच. खोलीचा दिवा लावायची, पंखा बंद करायची, "उठ रे" म्हणायची. त्याच्या सकाळच्या शिस्तीची खूण म्हणजे आईचा आवाज. तीच बाई, त्याच वेळेला, तसाच आवाज, फक्त साडेचार तासांनी सरकल्यामुळे तो आवाज आता झोपायची खूण झाला होता. हे मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "म्हणजे मी कधी स्वतः उठलोच नव्हतो का गं?"

तेच. आम्ही मग घरच्या एकेक सवयीचा माग काढला. जिमला का जायचास रोज? तर मित्र खाली येऊन बाइकचा हॉर्न वाजवायचा, आणि गेलं नाही तर तो पाच मिनिटं वाजवत राहायचा, शेजारचे काका खिडकीत यायचे. अभ्यास का व्हायचा? तर सकाळी बाबा पेपर घेऊन समोरच्या खुर्चीत बसायचे, काही बोलायचे नाहीत, पण बसायचे. ह्या गोष्टी अ‍ॅपमध्ये भरता येत नाहीत. आईचा हात, मित्राचा हॉर्न आणि बाबांची खुर्ची मागे राहिली, आणि ह्याला वाटलं आपण शिस्त बॅगेत भरून आणलीये.

वुड बाईंचाच २००५ चा एक अभ्यास अगदी ह्या केससाठी केल्यासारखा आहे. एका युनिव्हर्सिटीतून दुसरीकडे ट्रान्सफर होणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी बदलीच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर विचारलं, व्यायाम, पेपर वाचणं, टीव्ही बघणं ह्या सवयींचं काय झालं. जिथे नवीन जागेतली परिस्थिती जुन्यासारखी होती तिथे सवय टिकली. जिथे बदलली तिथे पक्की सवयसुद्धा निसटली आणि गाडी परत इच्छेवर, ठरवण्यावर आली. माणूस तोच, खुणा बदललेल्या. हे वाचून दाखवल्यावर धाकट्याचा आवाज जरा हलका झाला, कारण "मी वाया गेलो" आणि "माझ्या खुणा मागे राहिल्या" ह्या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिल्यावर काही करता येत नाही.

आता पहिल्या आठवड्याचा किस्सा. हा उतरला तेव्हा पहिले पाच-सहा दिवस रोज पहाटे चार-साडेचारला टक्क जागा, एकदम फ्रेश. खिडकीतून सूर्योदयाचा फोटो टाकला, खाली "नवीन देश, नवीन मी". आम्ही सगळ्यांनी लाइक केलं. अ‍ॅपमध्ये "पहाटे ५ ला उठणे" ह्याला सलग टिका. मग आठवड्याभरात जाग यायची बंद झाली आणि तिथून तो स्वतःला नापास समजायला लागला. अरे पण ती शिस्त नव्हतीच, तो जेटलॅग होता! पश्चिमेकडे आलं की शरीराचं घड्याळ काही दिवस घरच्याच वेळेवर चालतं, घरचे आठ वाजले की इकडे साडेचार (तेव्हा अजून उन्हाळी वेळ होती, फरक साडेतीनच तासांचा), मग जाग येणारच. साधारण एका टाइमझोनला एक दिवस ह्या हिशेबाने ते जुळत जातं. फुकट मिळालेलं यश त्याने स्वतःच्या खात्यात जमा केलं आणि ते संपल्यावर स्वतःला दिवाळखोर ठरवलं. मला वाटतं परदेशात आलेल्या कित्येकांचं असं होत असेल, पहिल्या आठवड्याच्या नव्हाळीवर वर्षाचं बजेट बसवायचं.

अकरा सवयींची यादी पण बघून घ्या: पहाटे उठणे, धावणे, ध्यान, गार पाण्याने अंघोळ, रोज दोन कोडिंग प्रॉब्लेम, इथली भाषा अर्धा तास, लिंक्डइनवर एक पोस्ट, दहा पानं वाचन, डायरी, जिम, सोशल मीडिया बंद. लिंक्डइनवर पोस्ट आणि सोशल मीडिया बंद हे दोन्ही एकाच यादीत, हे मी दाखवेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आणि ह्या अकरांत "लेक्चरला जाणे" नव्हतं! ते तर गृहीतच होतं ना, ज्याच्यासाठी एवढा खर्च करून आलो ते कोण यादीत लिहितं.

मुदत किती, तर २१ दिवस, कारण सगळीकडे तेच ऐकलेलं. हा २१ चा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून, १९६० च्या पुस्तकात त्यांनी निरीक्षण लिहिलं होतं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. त्यातला "कमीत कमी" वाटेत गळून पडला. नीट मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१० मध्ये छापून आलं. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची आणि ती रोज एका ठरलेल्या खुणेनंतर करायची. गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे प्रत्येकाच्या आलेखावरून काढलेले अंदाज). आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं काही बिघडलं नाही. धाकट्याने एकोणिसाव्या दिवशी भाषेची साखळी तुटली म्हणून अख्खं अ‍ॅपच उघडायचं सोडलं होतं.

तर आम्ही काय केलं. अकराच्या अकरा कटाप. एकच गोष्ट ठेवली, सकाळी साडेआठला खोलीच्या बाहेर पडणं. अभ्यास नाही, व्यायाम नाही, फक्त दाराबाहेर. आणि ती ओढायला इंजिन कुठलं लावायचं, तर जे आधीच जोरात चालू होतं तेच, आईचा फोन.

मावशीला फोन मी केला. ते सोपं गेलं नाही हं. "सकाळी फोन करू नकोस त्याला" म्हटल्यावर ती एकदम दुखावली. "मग केव्हा करू गं? मी आले घरी की तो लेक्चरला. आणि एवढ्या सकाळी मी एकटीच उठलेली असते, तेवढीच मला सोबत." म्हणजे एकटा तो नव्हता, एकटी तीही होती, आणि दोघं एकमेकांना जागवत होते. मी तिला विचारलं लंच ब्रेक किती वाजता, म्हणाली एकला. एक म्हणजे इकडे साडेआठ. बरोब्बर.

नियम एवढाच: खोलीच्या दाराला कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली, की मग आईला फोन. कुलूप लागायच्या आधी नाही. दारापासून ट्राम स्टॉप बारा मिनिटांवर, ट्राम आली की फोन बंद. ह्याला पीटर गॉलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाने "असं झालं की तसं करीन" प्रकारचा निश्चय म्हटलंय, १९९९ पासून ह्यावर भरपूर काम झालंय, २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा नुसत्या "मी करीन" पेक्षा हा प्रकार चांगलाच उजवा ठरला. पण खरं सांगू का, मला तेव्हा गॉलविट्झर आठवला नव्हता, मला एवढंच दिसत होतं की हा पोरगा आईशी बोलायला रात्री दोनपर्यंत जागू शकतो, म्हणजे त्यासाठी सकाळी बूटही घालेल.

सगळ्यात अवघड अट मावशीसाठी होती. एक वाजून दहा मिनिटांपर्यंत फोन आला नाही, तर तिने करायचा नाही. ती उठवणार नाही. तिसऱ्याच दिवशी हा झोपून राहिला. मावशीचा मला मेसेज, "ताप तर नसेल ना? एकदा करू का?" मी म्हटलं नको. पाच मिनिटांनी परत, "फक्त एक रिंग देते". मी म्हटलं मावशी, प्लीज. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा तसाच बंद करून ठेवला हे मला नंतर कळलं. इकडे हा साडेअकराला उठला, फोन बघितला, मिस्ड कॉल शून्य. मला म्हणाला, "ताई, आई ओरडली असती तर बरं झालं असतं, कोणीच काही म्हणालं नाही ना, ते फार वाईट होतं." दुसऱ्या दिवशी आठ अठ्ठावीसला कुलूप.

रात्रीच्या बाजूलाही थोडं करावं लागलं. फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ, एवढंच. झोप लगेच नाही आली, पहिला आठवडा तो एकपर्यंत छत बघत पडायचा. पण सकाळच्या बारा मिनिटांच्या चालण्याचा एक फायदा आपोआप झाला जो आम्ही ठरवला नव्हता. हिवाळ्यात इकडे आठच्या आसपास उजाडतं, म्हणजे तो रोज नेमका ताज्या उजेडात चालत होता, आणि सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ पुढे येतं, रात्री झोप लवकर लागते. आधी हा अकराला उठून पडदे लावलेल्या खोलीत बसायचा आणि चारला अंधार, म्हणजे दिवसाचा उजेड जवळपास बघायचाच नाही, वर रात्री तोंडावर स्क्रीन. घड्याळ उलटं ढकलायची सगळी सोय स्वतःच करून ठेवली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बारा-सव्वाबाराला झोप लागायला लागली.

परीक्षेचं काय झालं हे सगळे विचारतात. चमत्कार झाला नाही. युरोपात एका सेमिस्टरला पूर्ण भार ३० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास, म्हणजे एकूण ७५० ते ९०० तासांचं काम. आम्ही हा गुणाकार केला आणि मग त्याने प्रामाणिकपणे झालेले तास मांडले, तेव्हा आकडा बघून दोघांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. पाच विषय होते. एकाची नोंदणी मुदतीत रद्द केली, चार दिले, तीन सुटले, एक राहिला. घरी पहिल्या पाचात असणाऱ्या मुलाला "एक राहिला" हे मावशी-काकांना सांगायला नऊ दिवस लागले. सांगितल्यावर काका एवढंच म्हणाले, "परत देता येतो ना? मग दे."

भाषेचं मी लांबवत नाही, पण एक सीन सांगते. अ‍ॅपवर त्याचे शब्द पाचशेच्या वर गेले होते आणि मजल्यावरच्या माणसाला "तुमचं पार्सल माझ्याकडे आहे" हे सांगता येत नव्हतं. बेसमेंटमध्ये कपडे धुवायची दोन मशीन, गुरुवारी संध्याकाळी सातचा स्लॉट ह्याचा, आणि शेजारच्या मशीनवर त्याच वेळेला एक पन्नाशीच्या बाई, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. मशीनला चाळीस मिनिटं लागतात आणि तळघरात नेटवर्क नाही. पहिले दोन गुरुवार दोघं मशीनकडे बघत बसले. तिसऱ्या गुरुवारी ह्याचा लाल मोजा त्यांच्या पांढऱ्या कपड्यांत सापडला आणि मग माफी मागायला जे शब्द लागले ते अ‍ॅपने शिकवले नव्हते. त्यानंतर दर गुरुवारी चाळीस मिनिटं बाई बोलतात, हा अडखळत बोलतो, त्या दुरुस्त करतात. ही सवय आम्ही ठरवून लावलेली नाही. पण बघा, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पळून जायला वाव नाही, आणि समोर माणूस. हॉर्न वाजवणारा मित्रच हा, दुसऱ्या रूपात.

जे जमलं नाही तेही लिहायला हवं. धावणं जमलं नाही. तीन वेळा बूट बाहेर काढले, तीन वेळा आत गेले, आता ते विषयातच नाही. आणि एक गोष्ट मी उशिरा केली ती म्हणजे सरळ विचारणं. मी महिनाभर रुटीन, खुणा, तास करत बसले आणि "तुला बरं वाटतंय का रे?" हे फेब्रुवारीत विचारलं. उत्तर होतं, डिसेंबरात तीन आठवडे कशातच मन नव्हतं, अंघोळसुद्धा दोन-तीन दिवसांनी. हे सवयीचं प्रकरण नाही, ह्याला खूण आणि नियम लावून चालत नाही. युनिव्हर्सिटीत समुपदेशन फुकट असतं हे त्याला माहीत होतं, पण "तेवढं काही झालेलं नाही मला" हेच पालुपद. शेवटी दोनदा गेला. काय बोलला ते मी विचारलं नाही, पण तिथून आल्यावर पहिल्यांदाच म्हणाला की नोव्हेंबर सगळ्यांनाच जड गेला होता, वर्गातली दोन पोरं तिथेच बाहेर खुर्चीवर भेटली.

ह्यावरून आठवलं, परदेशात गेल्यावर आधी आनंद, मग खड्डा, मग वर, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख सगळीकडे दाखवतात. ती कल्पना स्वेर्रे लिसगार्ड ह्या नॉर्वेच्या संशोधकाने १९५५ मध्ये अमेरिकेत जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांवरून मांडली. पण १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून गाठलं तेव्हा त्रास सगळ्यात जास्त निघाला तो अगदी सुरुवातीलाच. धाकट्याच्या त्या सूर्योदयाच्या फोटोला आम्ही हनिमून समजलो. त्या रात्री तो रडला होता म्हणे, फोटो टाकून झाल्यावर.

फेब्रुवारीच्या मध्यापासून सुट्टी लागली आणि सगळं परत ढासळलं. लेक्चर नाही तर बाहेर कशाला पडायचं, बाहेर पडायचं नाही तर कुलूप नाही, कुलूप नाही तर फोन नाही, मग एके रात्री "आई, जागी झालीस का?" असा मेसेज ह्यानेच केला. मला ह्याचं आश्चर्य नाही वाटलं. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला होता, लोकांना आवडीची ऑडिओबुकं फक्त जिममध्येच ऐकायला दिली, सुरुवातीला त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त झाल्या, आणि मग मध्ये सुट्ट्या आल्या आणि तो फरक विरघळून गेला. आमचाही जिममधल्या ऑडिओबुकचाच प्रकार, फक्त पुस्तकाच्या जागी आई. पण एक खबरदारी कामाला आली. नियम कुलपाचा होता, लेक्चरचा नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याने परत कुलूप लावायला सुरुवात केली, ट्रामने लायब्ररीपर्यंत जायचं, आत तासभर बसलं तरी चालेल. राहिलेल्या विषयाचा अभ्यास तिथेच झाला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो सुटला.

आणि मग मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली. युरोपात त्या दिवशी सगळी घड्याळं तासभर पुढे जातात, फरक साडेचारचा साडेतीन होतो. एवढा साधा मुद्दा माझ्यासारख्या नऊ वर्षांच्या अनुभवी बाईच्या डोक्यात आला नाही! सोमवारी साडेआठला ह्याने कुलूप लावून फोन केला तर तिकडे बारा, मावशी मीटिंगमध्ये, फोन कट. तिचा लंच ब्रेक आता इकडे साडेनऊला, आणि एप्रिलच्या मध्यापासून सव्वानऊचं लेक्चर. दोन दिवस आम्ही तिघं ह्यावर खल करत होतो, लंच बारा वाजता मागू का असंही मावशी विचारायला लागली.

तिसऱ्या दिवशी ह्याने कुलूप लावलं आणि सवयीने घरचा नंबर फिरवला. उचलला काकांनी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली त्यांना, दुपारी घरी एकटेच. आजपर्यंत फोनवर काकांचं वाक्य ठरलेलं, "बरा आहेस ना? थांब, आईला देतो." आई नव्हती. बारा मिनिटं चालायचं होतं. धाकटा म्हणतो पहिली चार मिनिटं हवामान झालं, मग काकांनी विचारलं, "तिथली ट्राम विजेवर चालते ना, वरची तार किती व्होल्टची असते रे?" ह्याला माहीत नव्हतं. संध्याकाळी शोधून काढलं, त्याच्या शहरात ७५० व्होल्ट, डीसी. दुसऱ्या दिवशी सांगितलं. मग पुढचा प्रश्न.

मे महिन्यात मावशी मला सांगत होती, पावणेबारा झाले की हे पेपर वाचायची खुर्ची ओढून खिडकीशी नेऊन ठेवतात, तिथे रेंज चांगली येते म्हणे, फोन चार्जिंगवरून काढतात आणि मांडीवर वही, त्यात आदल्या दिवशी सुचलेले प्रश्न लिहिलेले. ती रविवारी घरी असली आणि त्या वेळेला काही विचारायला गेली तर हातानेच थांब म्हणतात.